‘आमाले इचारलं कोनं?’ : गावाचा नकाशा आखताना लोकांना विचारायची रीत कुठून आली

तालुक्याच्या गावी नगरपंचायतीच्या भिंतीवर एक दिवस मोठा रंगीत नकाशा लागतो. वर लिहिलेलं असतं, ‘प्रारूप विकास योजना’. पिवळा रंग राहत्या वस्तीचा, निळा दुकानांचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा आणि बागबगिच्यांचा. त्यावर बारीक आकडे, आणि उद्याच्या रस्त्यांच्या रेषा. बाजाराला आलेली माणसं पिशव्या पायाशी ठेवून नकाशावर बोट फिरवत आपला गट नंबर शोधतात. तो सापडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “आमच्या वावरावर बगिचा? आमाले इचारलं कोनं?”

या प्रश्नाला कायद्याचं एक उत्तर आहे, आणि ते ऐकून लोक आणखी चक्रावतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हा नकाशा भिंतीवर लावणं हेच विचारणं असतं. नोटिशीत दिलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी ३० दिवसांत, कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं. त्यावर सुनावणी होते आणि मग योजना शासनाकडे मंजुरीला जाते. म्हणजे भिंतीवरचा नकाशा अजून कच्चा असतो. गावात बातमी मात्र ‘डीपी (डेव्हलपमेंट प्लॅन) झाला’ अशीच पसरते, आणि तो अजून व्हायचा आहे हे उमजेपर्यंत मुदत निघून गेलेली असते.

हा ३० दिवसांचा हक्क आला कुठून, आणि तो इतका तोकडा का, हे समजून घ्यायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. ते आत्ता समजून घेणं गरजेचं आहे, कारण विदर्भातल्या कितीतरी गावांवर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे.

२०१४-१५ च्या सुमारास राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा दिला. वर्धा जिल्ह्यात सेलू आणि समुद्रपूर, यवतमाळमध्ये राळेगाव आणि मारेगाव, भंडाऱ्यात लाखनी आणि मोहाडी, गडचिरोलीत धानोरा आणि कुरखेडा ही त्यातली काही नावं. पाटी बदलली, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. या सगळ्यात एक गोष्ट गेली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायत असताना गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो; उभा राहून हिशेब विचारू शकतो. नगरपंचायतीत १७ नगरसेवकांची सभा असते. सगळ्या गावाने एकत्र बसून बोलावं अशी त्या तोलाची सभा उरत नाही. आणि नेमका ग्रामसभा गेल्यानंतरच गावाच्या सगळ्या जमिनीचं पुढच्या २० वर्षांचं भवितव्य ठरवणारा नकाशा येतो. ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा वाटते.

आधी प्लेग, मग मालक

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे १८९८ साली सरकारने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ काढला आणि दाट वस्त्या फोडून रुंद, सरळ रस्ते काढायला सुरुवात केली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच. ज्यांची घरं पडली ते कामापासून लांब जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोल्यांत आसरा घेतला. दाटी एका गल्लीतून निघून दुसऱ्या गल्लीत गेली. रस्ता कुठून जावा हे या माणसांना विचारावं, असं त्या काळी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शहर आखणं हे इंजिनिअरचं आणि राज्यकर्त्याचं काम होतं. नागपूरचा सुधार प्रन्यास पुढे १९३६ च्या कायद्याने याच धर्तीवर आला.

विचारायची पहिली तरतूद आली ती जमिनीच्या मालकासाठी. इंग्लंडमध्ये १९०९ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला. त्याच्या पाठोपाठ मुंबई प्रांतात १९१५ चा नगररचना कायदा आला, आपल्या देशातला पहिला. त्यात वेगवेगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, मधून रस्ते काढायचे आणि उरलेली जमीन पुन्हा वाटून द्यायची अशी योजना होती. वाटपावरून आणि भरपाईवरून भांडणं होणारच, म्हणून लवाद नेमायची सोय होती. त्याच्यासमोर मालक आपलं म्हणणं मांडू शकत होता. भाडेकरू, हातमजूर, रस्त्याच्या कडेला दुकान मांडणारी बाई, यांचं तिथे काही चालत नव्हतं.

हे इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण असं की हरकत हा हक्क मालकीच्या पोटातून जन्मला, आणि ती खूण अजून पुसलेली नाही. आजचा कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते असं मानतो. पण तालुक्याच्या गावात हरकतींचा गठ्ठा चाळला तर बहुतेक अर्ज सातबारा जोडलेले दिसतात. ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर शेळ्या चारणारा, पारधी बेड्यावर राहणारा, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाणारी बाई यांना वाटतं, आपल्या नावावर जमीन नाही तर आपण काय बोलणार? कायद्याने त्यांना बोलता येतं. त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

इंदूरच्या दिवाळीतला एक माणूस

मालकापलीकडे जाऊन साऱ्या वस्तीकडे पाहणारा माणूस याच काळात भारतात आला. पॅट्रिक गेडिस स्कॉटलंडचे, अभ्यास जीवशास्त्राचा. १९१४ साली ते नगररचनेचं प्रदर्शन घेऊन इकडे निघाले. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. प्रदर्शनाचं साहित्य आणणारं जहाज जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडवलं. त्यांनी पुन्हा साहित्य जमवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरवलं. पुढे काही वर्षं ते गावोगाव, संस्थानोसंस्थानी हिंडले, शहरांचे अहवाल लिहीत राहिले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले.

त्यांचं म्हणणं साधं होतं : आधी पाहणी, मग आखणी. गल्लीत पायी हिंडायचं. कोणतं घर पडीक आहे, विहीर कुठे आहे, झाडाची सावली कुणाच्या अंगणात पडते, बाया दुपारी कुठे बसतात, देऊळ कुठलं, हे सगळं टिपायचं. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता काढला तर चांगली नांदती घरं पडतात. त्याऐवजी दोन-चार पडीक घरं काढली, एखाद्या ओट्याचा कोपरा कमी केला, तर हवा आणि वाट दोन्ही मिळतात. खर्च कितीतरी कमी येतो आणि माणसं जागची हलत नाहीत. डॉक्टर जसं आधी निदान करतो आणि अगदी गरज असेल तेवढंच कापतो, तसं हे काम आहे, असं ते सांगत.

होळकरांच्या इंदुरात त्यांनी जे केलं ते तर आजही वाचताना नवल वाटतं. १९१७ च्या सुमाराला तिथे प्लेगची भीती होती. गेडिसांनी एका दिवसापुरती महाराजांची सत्ता मागून घेतली आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही; ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यांनी जाईल. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. गाड्याच्या गाड्या भरून केरकचरा बाहेर पडला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता. शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत मानाने चालत होते. ज्या कामगारांना तेव्हा कुणी जवळ उभं करत नसे, त्यांना भर मिरवणुकीत मान मिळाला, याचं मोल मला नुसत्या स्वच्छतेपेक्षा जास्त वाटतं.

पण एवढं करूनही निर्णय कुणाचा होता? गेडिस लोकांना पाहत होते, लोकांशी बोलत होते, त्यांच्या सणाचं बळ वापरत होते. अहवाल मात्र जायचा तो दरबाराकडे किंवा म्युनिसिपालिटीकडे. काय स्वीकारायचं ते वरचे लोक ठरवायचे. लोकांचा आवाज कायद्यात शिरायला अजून अर्धं शतक जायचं होतं, आणि तो शिरला तो भांडूनच.

माईक कुणाकडे तोंड करून ठेवला आहे

अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर शहरांच्या जुन्या वस्त्या ‘गलिच्छ’ ठरवून पाडायला सरकारी पैसा मिळू लागला. पाडल्या गेल्या त्या बहुतेक गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या हातात तर इतकी खाती होती की पूल, महामार्ग, उद्यानं सगळं त्यांच्या शब्दावर होई. शहराच्या जुन्या भागातून, खालच्या मॅनहॅटनमधून, आठ-दहा पदरी महामार्ग न्यायचा त्यांचा बेत होता. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत जेन जेकब्स ही पत्रकार बाई आघाडीवर होती. तिच्याजवळ नगररचनेची पदवी नव्हती. आपल्या गल्लीत सकाळपासून रात्रीपर्यंत कोण येतं-जातं, दुकानदार पोरांवर कशी नजर ठेवतो, कोणता चौक कशामुळे सुरक्षित राहतो, हे तिला पदवीवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

एप्रिल १९६८ मध्ये त्या महामार्गावर सार्वजनिक सुनावणी झाली. जेकब्स बोलायला उठली तेव्हा तिने आधी एक साधी गोष्ट दाखवून दिली. माईक प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवला होता. सुनावणी अधिकाऱ्यांपुढे, आणि बोलणाऱ्याची पाठ अधिकाऱ्यांकडे! म्हणजे लोकांनी लोकांशीच बोलायचं, आणि अधिकाऱ्यांनी ‘सुनावणी घेतली’ असं लिहून मोकळं व्हायचं. त्या दिवशी गोंधळ झाला, तिला अटकही झाली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कने तो महामार्ग सोडून दिला.

आपल्याकडे खाणींच्या जनसुनावण्यांना गेलेल्या चंद्रपूरकडच्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पर्यावरणाच्या मंजुरीसाठी जनसुनावणी १९९७ पासून सक्तीची झाली. मांडव, खुर्च्या, पोलीस बंदोबस्त, व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी. लोक तावातावाने बोलतात, बोललेलं इतिवृत्तात जातं. त्यापुढे त्याचं काय होतं, हे मांडवातल्या माणसाला क्वचितच कळतं.

अमेरिकेत १९६४ च्या गरिबी निर्मूलनाच्या कायद्यात ‘शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग’ असे शब्द आले. १९६५ मध्ये तिथले नगररचनाकार पॉल डेव्हिडॉफ यांनी मांडलं की गरिबालाही कोर्टात वकील मिळतो, तसा त्याच्या बाजूने नकाशा आखणारा नगररचनाकारही मिळायला हवा. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने आराखडा करताना लोकांना कळवणं आणि त्यांचं म्हणणं घेणं बंधनकारक केलं. ते कसं करावं हे ठरवायला आर्थर स्केफिंग्टन या खासदारांची समिती बसली आणि १९६९ साली तिचा अहवाल आला. आराखडा तयार झाल्यावर नव्हे, तयार होत असतानाच लोकांशी बोला, असं त्या समितीने सांगितलं. मात्र अंतिम निर्णय निवडून आलेल्या परिषदेचाच राहील, हेही तिने स्पष्ट ठेवलं.

आपला १९६६ चा कायदा याच काळातला. इंग्रजी कायद्याच्या वळणावर बेतलेला, पण स्केफिंग्टन समितीच्या आधीचा. म्हणून त्यात विचारणं आहे, ते बहुतांशी नकाशा काढून झाल्यावरचं.

आठ पायऱ्यांची शिडी

विचारलं म्हणजे सहभाग झाला का? या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर शेरी अर्न्स्टिन यांनी १९६९ सालीच दिलं. त्यांनी अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण खात्यात काम केलं होतं. सहभागाच्या नावाखाली काय काय चालतं ते त्यांनी आतून पाहिलं होतं. त्यांनी एक शिडी मांडली, आठ पायऱ्यांची. पॅरिसच्या विद्यार्थ्यांचं १९६८ मधलं एक भित्तिपत्रकही त्यांनी आपल्या लेखात छापलं. मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, असं करत करत शेवटची ओळ होती : ते नफा कमावतात.

सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नुसता नावाला असतो. ठराव आधीच लिहिलेला आहे आणि शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करतो, ही पहिली पायरी. ज्याने आयुष्यात एकदा तरी ग्रामसभेच्या रजिस्टरवर अशी सही केली असेल त्याला ती पक्की ओळखता येईल. दुसरीवर लोकांचं डोकं फिरलंय असं समजून त्यांना ‘समजावून’ सांगितलं जातं. तिसरी पायरी नुसती माहिती देण्याची. चौथी मत विचारण्याची. पाचवीवर गावातल्या दोघा-तिघांना समितीत घेऊन गप्प केलं जातं. या मधल्या पायऱ्यांवर लोक बोलतात, पण आपलं बोलणं मानलं जाईल याची खात्री त्यांच्या हातात नसते. सहाव्या पायरीवर भागीदारी सुरू होते, सातवीवर काही निर्णय लोकांकडे सोपवलेले असतात आणि आठवीवर कारभारच लोकांच्या हातात असतो.

आपली विकास योजनेची हरकत-सुनावणी कुठल्या पायरीवर बसते? मी तिला चौथीवर ठेवीन. आणि नोटीस एका कोपऱ्यात छापली, नकाशा अंधाऱ्या बोळीत लावला, वाचून सांगायला माणूस नाही, तर ती तिसरीवर घसरते.

वरच्या पायऱ्या गाठता येतात, हे जगात ठिकठिकाणी दिसलं आहे. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्री शहरात १९८९ पासून वस्त्यांनी सभा घेऊन शहराच्या अंदाजपत्रकातली कामं ठरवली. केरळने १९९६ मध्ये योजनेच्या पैशाचा मोठा वाटा थेट स्थानिक संस्थांच्या हाती देऊन गावोगाव आराखडे करवून घेतले. पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. तिथे ग्रामसभेत बहुमताने मतदान होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलणं चालतं. आणि सभेआधी अभ्यासगट बसतो. विषय आधी समजून घ्यायचा, मग ठरवायचं. २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगलाचं नियोजन गाव करतं. अर्न्स्टिनच्या शिडीवर ही सर्वांत वरच्या पायऱ्यांची जागा.

त्याच तालुक्याचं मुख्य गाव असलेल्या धानोऱ्यात आता नगरपंचायत आहे.

निस्तारपत्रक : आपल्याच भागातली जुनी तरतूद

लोकांना विचारून जमिनीचा वापर ठरवायचा, ही गोष्ट विदर्भाला परकी नाही. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा या जुन्या मध्यप्रांताच्या जिल्ह्यांत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा मालगुजार असे. गावाचं जंगल, गवत, तळं, पडीत जमीन यांवर मालगुजाराची मालकी, पण रयतेचे वहिवाटीचे हक्क. जळणाला लाकूड, घराला माती-मुरूम, ढोरांना चराई, या रोजच्या गरजा भागवण्याला निस्तार म्हणतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि या जमिनी सरकारजमा झाल्या. मग निस्ताराचं काय?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये यासाठी खास विदर्भापुरती कलमं आहेत. कलम १६१ सांगतं की गावातल्या भोगवट्यात नसलेल्या जमिनीच्या व्यवस्थेचं एक निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्याने करायचं. त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, आणि गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन मगच ते पक्कं करायचं. पुढे नोंदीत बदल हवा असेल तर ग्रामपंचायत मागणी करू शकते. ग्रामपंचायत नसेल तर गावातले एक चतुर्थांश प्रौढ रहिवासी अर्ज करू शकतात. इथे मालक, कूळ, मजूर असा भेद नाही. गावात राहणारा हाच निकष. कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज पाणी, वाट, मासेमारी यांच्या गावच्या रूढी नोंदवतं. दुसऱ्याच्या बांधीतून पाणी नेण्याची चाल, कुणाच्या धुऱ्यावरून कुणाची बंडी जाते, हे त्यात लिहिलेलं असू शकतं.

गावाची नगरपंचायत झाली की नवा नकाशा काढणारे नगररचना कार्यालयातले लोक उपग्रहाचं चित्र आणि भूमी अभिलेखाचे नकाशे घेऊन बसतात. जुनं निस्तारपत्रक उघडून बघायची आठवण त्यांना गावाने करून द्यावी लागते. त्यात गोठण कुठे, मसणवट कुठे, ढोरांची पाणी प्यायची वाट कुठली हे लिहिलेलं सापडू शकतं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखालून सांडव्याचं पाणी कुठून वाहतं, ते उपग्रहाच्या उन्हाळ्यातल्या चित्रात दिसत नाही. पोळा भरतो ती जागा नकाशावर नुसती ‘मोकळी सरकारी जमीन’ असते, आणि मोकळी सरकारी जमीन दिसली की तिच्यावर आधी आरक्षण पडतं, म्हणजे ती बगिच्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली जाते, कारण ती फुकट मिळते. पांदण रस्ता, म्हणजे वावरांकडे जाणारी गाडीवाट, नकाशात घ्यायचा राहून गेला तर दहा वर्षांनी त्यावर ले-आऊट पडतो, आणि मागच्या वावरात बंडी न्यायला वाट राहत नाही.

नकाशासमोर उभं राहून

नकाशा वाचताना प्रमाण आधी बघावं. १:५००० असं लिहिलं असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. १२ मीटरचा रस्ता त्यावर अडीच मिलिमीटरही भरत नाही. एक एकर वावर म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटर बाजूचा चौकोन. कागदावर रेष केसभर सरकली तरी घराची भिंत रस्त्यात जाऊ शकते. म्हणून मोबाइलवर आलेल्या फोटोवर विसंबू नये. कार्यालयातून त्या भागाच्या नकाशाची प्रत आणि सोबतचा अहवाल मागून घ्यावा. कुठलं आरक्षण किती क्षेत्रावर आणि कशासाठी, हे अहवालात असतं.

हरकत साध्या कागदावर, मराठीत, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे चालते. गट नंबर, आरक्षणाचा क्रमांक, काय चुकलं, त्याऐवजी काय करावं, आणि ‘मला समक्ष ऐकून घ्यावं’ हे वाक्य, एवढं त्यात हवं. पोच घ्यायची, शिक्क्यासकट. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ असं लिहिलेल्या अर्जापेक्षा ‘बगिचा शेजारच्या सरकारी जागेवर घ्यावा, तिचा गट नंबर अमुक’ असं लिहिलेला अर्ज सुनावणीत टिकतो. आणि वस्तीच्या सामाईक गोष्टीसाठी, म्हणजे पांदण, नाला, बाजाराची जागा यांसाठी, सगळ्यांनी मिळून एक अर्ज द्यावा. अशा अर्जाला सातबारा लागत नाही.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थानिक सदस्य असतात आणि शासनाच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार. समिती अहवाल देते, नगरपंचायत बदल करून योजना शासनाला पाठवते, शासन मंजूर करतं. शासनाने भरीव फेरबदल सुचवले तर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी संधी असते आणि ती बऱ्याचदा वाया जाते, कारण लोक पहिल्या सुनावणीनंतर घरी बसलेले असतात. आरक्षण पडलंच आणि १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपतं.

एकजुटीने हरकती आल्या तर काय होतं ते मुंबईने दाखवलं. २०१५ च्या सुरुवातीला तिथला प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. हजारोंनी हरकती आल्या, चुका चव्हाट्यावर आल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये शासनाने तो बाजूला ठेवून दुरुस्त आराखडा करायला लावला. तिथल्या अनेक चुकांचं मूळ आधीच्या टप्प्यात होतं, म्हणजे आज कोणती जमीन कशासाठी वापरात आहे हे दाखवणाऱ्या नकाशात.

हा ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ कलम २५ खाली विकास योजनेच्या आधी करावाच लागतो. गेडिस ज्या पाहणीवर जोर देत होते, तीच ही. इथे गोठणाची नोंद ‘पडीत’ अशी झाली, तर पुढच्या सगळ्या नकाशांत ती पडीतच राहते. आणि त्याच्याही आधी, कलम २३ खाली, ‘आम्ही विकास योजना करणार आहोत’ अशी इरादा जाहीर करणारी नोटीस निघते. ती राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापली जाते आणि त्यातही लोकांकडून सूचना-हरकती मागवलेल्या असतात. तेव्हा भिंतीवर रंगीत काहीच नसतं, नुसती गावाची हद्द दाखवणारा नकाशा कार्यालयात बघायला ठेवलेला असतो. कुणाच्या वावरावर काही पडलेलं नसतं, म्हणून कुणी येत नाही.

नगरपंचायतीत जे करता येण्यासारखं आहे ते इथेच. कायद्याने सक्ती नसली तरी मनाईही नाही, त्यामुळे नगरपंचायत ठराव करून प्रभागवार सभा घेऊ शकते. या पहिल्या नोटिशीच्या वेळीच प्रत्येक प्रभागातल्या लोकांनी निस्तारपत्रकाची प्रत तहसीलमधून काढावी. वऱ्हाडाकडच्या गावांनी ई-क्लास जमिनीची यादी तलाठ्याकडून घ्यावी. म्हाताऱ्या माणसांना आणि ढोरं चारणाऱ्या पोरांना सोबत घेऊन शिवार फिरावं. नाला पुरात कुठपर्यंत चढतो, बैलबाजार कुठे भरतो, बाया पाण्याला कोणत्या वाटेने जातात, पोळा कुठे भरतो, हे हद्दीच्या नकाशाच्या झेरॉक्सवर पेनाने मांडावं. प्रभागातल्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यांच्या आधी घ्याव्यात. ते सूचनेसोबत जोडून पोच घ्यावी आणि पाहणी सुरू होईल तेव्हा सर्वेअरबरोबर प्रभागातली दोन माणसं फिरतील अशी मागणी त्याच अर्जात लिहावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना संबंधित माहिती कार्यालयाने आपणहून जाहीर करायची. त्यामुळे जमीन वापराचा नकाशा तयार झाल्या झाल्या तो प्रत्येक प्रभागात लावावा, हेही लेखी मागता येतं.